१०८ किलोला किती लिटर?

आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढं कोणी विचारायला नको. वजन १०८ किलो, वय ५३, डावा गुडघा पेठेतल्या तालमीत असताना गेलेला, आतली गादी फाटलीय असं डॉक्टर सांगतात आणि मी वीस वर्षं मान हलवतोय. धंदा कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न मेकिंगचा, म्हणजे फौंड्रीत साचा ज्याच्यावरून पडतो ते लाकडाचे नाहीतर थर्माकोलचे पॅटर्न आम्ही करतो. असल्या माणसानं सर्फबोर्ड, म्हणजे समुद्राच्या लाटेवर उभं राहून घसरायची फळी, घ्यायला काढला आणि पहिला सपशेल चुकीचा घेतला, त्याची ही कथा. माझ्यासारखे अंगानं भरलेले, वयानं मुरलेले अजून कोणी या नादात असतील तर त्यांचे पैसे तरी वाचतील.

सुरुवात पोरीमुळं झाली. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात गोव्याला गेलो होतो, अश्वेला, तिथं ती म्हणाली पप्पा सर्फिंगचा एक तासाचा क्लास करूया. मी म्हणलं चल. शिकवणारा पंचविशीचा पोरगा होता, पेडण्याकडचा, त्यानं मला वरून खालपर्यंत एकदा बघितलं, काही बोलला नाही, आत गेला आणि एक निळा अवाढव्य फोमचा बोर्ड डोक्यावर घेऊन आला, "काका, हो तुमचो." कमरेएवढ्या पाण्यात फेसाच्या लाटेवर त्यानं मागून ढकललं आणि मी तिसऱ्या वेळी उभा राहिलो. किती वेळ? तीन सेकंद असतील. पण ते तीन सेकंद कोल्हापूरला परत येताना आंबोली, आजरा, निपाणी सगळीकडं डोक्यात फिरत होते, बायको काय बोलत होती मला एक शब्द आठवत नाही.

आता इथं माझी चूक बघा. त्या निळ्या बोर्डावर मी उभा राहिलो, पण डोळ्यात भरला होता दुसराच बोर्ड. शेजारी ती बारीक पोरं काखेत एक निमुळती, पातळ, चकचकीत फळी मारून पळत पाण्यात जायची ना, ती. तो निळा म्हणजे शिकाऊंचा, असं मनानंच ठरवून टाकलं. तालमीत वाढलेला माणूस, लहान पोरांच्या जोडीत कोण उभं राहणार! घरी आल्यावर महिनाभर मोबाईलवर बघत बसलो आणि एक वापरलेला ७ फूट २ इंचाचा बोर्ड २४ हजाराला मागवला. विकणाऱ्याला वजन सांगितलं होतं. तो म्हणाला चालतंय की, जरा प्रॅक्टिस लागेल. बोर्ड ट्रान्सपोर्टनं आला, शिरोलीला जाऊन सोडवून आणला, बुडाशी पेन्सिलीनं बारीक अक्षरात मापं लिहिलेली होती, लांबी, रुंदी साडेएकवीस इंच, जाडी दोन आणि पाच अष्टमांश, आणि शेवटी "४६". हे ४६ म्हणजे काय याचा मी विचारसुद्धा केला नाही. धंदा कसला तर मापांचा, आणि मापाच्या शेवटी लिहिलेला आकडा वाचून सोडून दिला.

गोव्याचा समुद्र पाच तासांवर, तोवर कोण थांबणार. रविवारी सकाळी बोर्ड घेऊन पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर गेलो. तिथं सकाळी पोहायला येणारी मंडळी असतात, सत्तरी ओलांडलेले पण असतात, सगळे ओळखीचे. बोर्ड पाण्यात ठेवला, मस्त तरंगला, सगळ्यांनी वा वा केलं. मग मी त्याच्यावर पालथा पडलो. आणि बोर्ड गेला. बुडाला म्हणजे तळाला गेला असं नाही, पण माझ्या छातीखाली वीतभर पाण्यात दिसेनासा झाला, मी हातानं वल्हं मारतोय, पुढं सरकतोय इंच इंच, आणि काठावरनं आवाज आला, "पैलवान, फळी घरातच विसरला काय?"

एक सोडून सगळे हसले. जो हसला नाही तो म्हातारा आमच्या वडिलांच्या वयाचा, गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यानंच पोहायला शिकवलेलं. तो म्हणाला, "तुला विहिरीत टाकला तेव्हा कितीचा डबा बांधला होता आठवतंय का? बाकीच्यांना पाचचा पुरायचा, तुला पंधराचा तेलाचा डबा लागला होता. तवापासनं तू काय बारीक झालायस व्हय?"

मी पाण्यात तसाच थांबलो. सगळा सर्फबोर्डचा धंदा त्या म्हाताऱ्यानं एका वाक्यात सांगितला होता. पाठीला हवाबंद डबा बांधून आपण सगळे शिकलो, डबा जेवढ्या लिटरचा तेवढं पाणी तो बाजूला सारणार आणि तेवढ्या किलोचं वजन वर उचलणार. बोर्ड म्हणजे तरी काय, छातीला बांधलेला लांबडा डबाच की. ४६ म्हणजे ४६ लिटर.

घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. समुद्राचं खारं पाणी लिटरला साधारण १.०२५ किलो, म्हणजे ४६ लिटरची फळी पूर्ण बुडाली की ४७ किलो उचलणार, त्यातनं तिचं स्वतःचं ४ किलो वजन गेलं, राहिलं ४३. मी १०८. उरलेले ६५ किलो कोण उचलणार? माझंच अंग, पाण्यात अर्धं बुडून. म्हणून तर बोर्ड दिसत नव्हता. आणि अर्धं अंग पाण्यात असताना वल्हवणं म्हणजे ओढ्यातनं म्हैस ओढत न्यायची, सगळी ताकद पाणी बाजूला करण्यात जाते, वेग येतच नाही. लाट पकडायची तर लाटेच्या वेगाच्या जवळपास आधी आपण जायला लागतंय, तिथंच घोडं अडतंय.

तरी खुमखुमी जात नाही. फेब्रुवारीत तोच बोर्ड घेऊन अश्वेला गेलो, म्हणलं खारं पाणी थोडं जास्त उचलतंय. चाळीस मिनिटं वल्हवलं, एकही लाट मिळाली नाही, खांद्यातनं आग, मान अशी आखडली की दोन दिवस उशी बिनकामाची. तो शिकवणारा पोरगा काठावरनं बघत होता. बाहेर आल्यावर त्यानं बोर्ड उलटा केला, आकडा वाचला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, काका, हा बोर्ड बरोबर आहे, फक्त तुमच्या वजनाचा जो माणूस वीस वर्षं रोज सर्फ करतो त्याच्यासाठी.

हे त्यानं उगाच नव्हतं म्हणलं. बोर्डचे लिटर भागिले आपले किलो, असा एक हिशोब सर्फिंगवाल्यांत चालतो, त्याला गिल्ड फॅक्टर म्हणतात. मुरलेली तरुण पोरं ०.३५ ते ०.४ वर चालवतात, म्हणजे ७० किलोच्या पोराला २५-२८ लिटर पुरतात. माझं ४६ भागिले १०८ म्हणजे ०.४३. मी कुठं उभा होतो बघा. नवशिक्यानं मात्र वजनाच्या आकड्याच्या आसपास जायचं, आणि वय झालेलं असेल, आठवड्याला एकदा पण पाण्यात जाता येत नसेल, तर अजिबात कंजूषपणा करायचा नाही. आपण तर महिन्यातनं एकदा जाणारी माणसं.

मग काय, आता उलटं टोक. मार्चमध्ये मी त्याला म्हणलं दे सगळ्यात मोठा. त्यानं ११ फुटाचा फोमचा बोर्ड दिला, शंभर लिटरच्या वर होता, रुंदीला माझ्या हाताचं बोट खालच्या कडेपर्यंत पोचत नव्हतं. वाळूवरनं पाण्यापर्यंतच दोनदा थांबलो. वारा सुटला होता, वाऱ्यानं ती फळी अशी फिरवली की नडगीवर बसली, ती काळीनिळी खूण पाडव्यापर्यंत होती. पाण्यात झोपल्यावर मात्र सुख, पलंगावर पडल्यासारखं. पण समोरनं फेसाची भिंत आली की पंचाईत. लहान बोर्ड दाबून लाटेखालनं नेता येतो, असला जाड बोर्ड हत्तीनं दाबला तरी दबत नाही, म्हणून कडा धरून उलटं व्हायचं, आपण खाली बोर्ड वर, लाट गेली की परत सुलट, त्याला टर्टल रोल म्हणतात. तो मला जमतो, कुस्तीत आयुष्य गेलं, उलटं सुलटं होण्याचं वावडं नाही. पण ११ फुटाचा बोर्ड उलटा असताना लाटेनं असा मागं ओढला की दहा मिनिटांची कमाई एका झटक्यात गेली. आणि उभा राहिल्यावर वळायचं नाव नाही. पंधराचा डबा लागणाऱ्या पोराला दोनशेचं पिंप बांधलं तर ते पोहत नाही, नुसतं तरंगतंय.

म्हणजे उत्तर मध्येच कुठंतरी होतं, पण मधे म्हणजे नेमकं कुठं? इथून पुढं मी माझ्या धंद्यात शिरलो आणि खरं सांगायचं तर हा भाग मला सर्फिंगइतकाच आवडला.

बोर्डचे लिटर कसे काढायचे, जर विकणाऱ्याला माहीत नसतील तर? लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, सगळं इंचात, त्याला ६१ नं भागलं की लिटर, पण ते झालं चौकोनी खोक्याचं. बोर्ड टोकांना निमुळता, कडेला गोल, त्यामुळं खोक्याच्या साधारण ५५ ते ६० टक्के धरायचे. ९ फूट ६ इंच लांब, २४ रुंद, साडेतीन जाड असा बोर्ड घेतला तर खोकं येतंय १५७ लिटर, त्याचे ५८ टक्के ९१. हा आकडा मला पसंत पडला. ९१ भागिले १०८ म्हणजे ०.८४. बोर्ड ९ किलोचा धरला तर ८४ किलो निव्वळ उचलणार, उरलेले २४ किलो माझे पाय आणि पोट पाण्यात आहेतच की, ते उचलतील.

पण एवढ्यावर समाधान होईना. कारण मी दोन-तीन जणांचे बोर्ड बघितले होते, लिटर जवळजवळ सारखे आणि पाण्यात झोपल्यावर जमीन-अस्मानाचा फरक. एकाचं नाक वर आभाळाकडं, दुसऱ्याचं नाक पाण्यात खुपसतंय. म्हणजे लिटर किती एवढंच नाही, लिटर कुठं आहेत हे पण बघायला पाहिजे.

आमच्याकडं पॅटर्नच्या वजनावरनं कास्टिंगचं वजन काढायची पद्धत आहे, लाकडाची जात कळली की त्याचा गुणक ठरलेला, पॅटर्न काट्यावर ठेवायचा, गुणायचं, ओतायला लोखंड किती लागणार ते कळतं. म्हणलं हेच करूया. दुकानात १६ डेन्सिटीचा थर्माकोल असतोय, म्हणजे घनमीटरला १६ किलो, म्हणजेच लिटरला १६ ग्रॅम. आधी एक फूट बाय एक फूट बाय एक फुटाचा तुकडा कापून काट्यावर ठेवला, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आला, म्हणजे माल बरोबर. मग ब्लॉक आणला, गरम तारेनं साडेनऊ फुटाचा बोर्ड कापला. मिस्त्री विचारतोय शेठ हे कुठल्या कंपनीचं काम, ड्रॉइंग कुठाय? मी म्हणलं ड्रॉइंग म्हणजे माझं पोट.

तीन तुकड्यात कापला, पुढचा, मधला, मागचा, एकसारख्या लांबीचे, मधे बांबूच्या काड्या घालून जोडायचे, फेविकॉल लावला असता तर तो वजनात आला असता. तीन तुकडे मिळून १ किलो ४६० ग्रॅम. भागिले १६, ९१ लिटर आणि वर थोडं. टाळी! मग वेगवेगळे वजन केले. पहिल्यांदा जो आकार कापला होता त्यात मधल्या तुकड्याला ३६ लिटर येत होते, पुढच्याला ३१, म्हणजे नाकाकडं चरबी जास्त. जोडलेली फळी जमिनीवर दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून मी तिच्या शेजारी पालथा झोपलो (वर झोपलो असतो तर थर्माकोलचा भुगा झाला असता) आणि मिस्त्रीला म्हणलं माझ्या खांद्याला, बेंबीला आणि गुडघ्याला फळीवर मार्करनं खूण कर. खुणा बघितल्या तर कळलं की माझं वजन सगळं खांद्यापासून कमरेपर्यंत. सडपातळ माणसाचं वजन अंगभर वाटलेलं असतं, तालमीत वाढलेल्याचं आणि नंतर व्यायाम सुटलेल्याचं वजन छाती-पोटात. मग माझे लिटर पण तिथंच पाहिजेत. नाकाकडनं घासून कमी केलं, मधला तुकडा जास्त जाड कापून छातीखालची जाडी पावणेचार इंचापर्यंत नेली आणि कडा जरा पातळ केल्या, परत वजन केलं तेव्हा पुढं २७, मधे ४०, मागं २४. हे माझं माप.

बायको चहा घेऊन दुकानात आली होती त्या दिवशी. नवरा जमिनीवर पालथा, मिस्त्री हातात मार्कर घेऊन उभा. ती म्हणाली, "मी काही विचारत नाही, मी फक्त चहा ठेवतो आणि जातो."

तो थर्माकोल अर्थातच पाण्यात घालायचा नव्हता, कोणी तसला उद्योग करू नका, माणूस वर पडला की मधोमध तुटणार. खऱ्या बोर्डात बहुतेक वेळा मधे लाकडाची पट्टी असते, स्ट्रिंजर, आणि वरनं फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सीसारखं रेझिन. मला पाहिजे होता तो एक कागदावर न मावणारा आकडा, तो मिळाला. अजून एक माप तिथंच घेतलं, २४ इंच रुंदीची प्लायची पट्टी काखेत धरून बघितली, बोटं खालच्या कडेवर वळतात का. वळली, जेमतेम. साडेचोवीसला वळत नव्हती. मोठा बोर्ड घेणाऱ्यानं हे माप घरातच घ्यावं. दुकानात सगळं भारी वाटतं, वाळूवरनं उचलून न्यायच्या वेळी कळतंय. डोक्यावरनं नेता येतो म्हणा, पण माझी मान मला माहीत आहे.

आता बोर्ड शोधायचा. नवीन बनवून घ्यायचा तर माझ्या खिशाला झेपेना आणि घरात पहिल्या २४ हजाराचा विषय अजून गरम होता. फोमचा घ्यावा का इपॉक्सीचा यावर बराच घोळ घातला. फोमचा अंगावर आपटला तर लागत नाही, शिकताना तोच बरा, पण स्वस्तातले जे असतात ते वजनदार माणसाखाली मधे वाकतात, लाटेवर असताना फळी केळ्यासारखी वाकली की वेग गेलाच. भारी माणसानं फोमचा घेताना आत स्ट्रिंजर किती आहेत विचारावं, दोन-तीन असले तर घ्यावा, विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर सोडून द्यावा. मी शेवटी इपॉक्सी बघायचं ठरवलं.

पहिला जो बघितला तो गोव्यातच, दिसायला झकास, मापं जवळपास माझी. विकणारा म्हणाला साडेआठ किलो वजन. मी गाडीतनं ताणकाटा काढला. ताणकाटा कशाला आणलाय असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, पण धंद्याची सवय, काटा असल्याशिवाय मी भंगारसुद्धा विकत नाही. दोरीच्या फासात बोर्ड अडकवला, काटा ११ च्या पुढं. मग बोटाच्या पेरानं सगळीकडं टकटक केलं, टणटण आवाज येत होता आणि शेपटीकडं एका ठिकाणी एकदम बद्द. बारीक केसासारखी चीर होती तिथं, वरनं रंग मारलेला. आतला थर्माकोल दाण्यादाण्याच्या मधनं पाणी पितो, एकदा प्यायला की लवकर सोडत नाही. अडीच किलो पाणी विकत घेणार होतो मी. त्याला काही बोललो नाही, नमस्कार केला आणि निघालो.

दुसरा काही दिवसांनी मिळाला, ९ फूट ६, २४ रुंद, जाडी साडेतीन, ९१ लिटर लिहिलेले, काट्यावर ९ किलो २००. वरनं दोन-चार ठिकाणी टाचेचे खड्डे, बुडाला पिवळटपणा, पण टकटक सगळीकडं टणटण. बाक बघितला, म्हणजे रॉकर, सपाट जमिनीवर ठेवून नाक किती उचललंय ते. सपाट बोर्ड वल्हवायला हलका पण उभ्या लाटेत नाक खुपसतो, जास्त बाकदार असला तर वल्हवताना पाणी पुढं ढकलत बसतो. हा मधला होता, आपल्याकडच्या कमरेएवढ्या मऊ लाटांना सपाटाकडं झुकलेलाच बरा. वरची बाजू पण सपाट, फुगीर नाही. फुगीर असली की भारी माणूस झोपल्यावर डावीकडं उजवीकडं डुलतो, हे मला त्या ११ फुटीवर कळलं होतं. ३४ हजाराला ठरला. फिन, म्हणजे शेपटीकडं बुडाला लावलेले पंख, मधला मोठा एक आणि बाजूला दोन छोटे. दोरी मात्र नवीन घेतली, लीश, बोर्डच्या लांबीएवढी, जाड, आणि घोट्याऐवजी पिंढरीला बांधायची, माझ्यासारखा गुडघ्यावरनं उठणारा असेल तर घोट्याची दोरी पायात येते.

घरी आणायची गंमत वेगळीच. गाडीच्या टपावर उशा, पट्टे, बोर्ड उलटा, फिन पुढच्या बाजूला वर. नाक्यावर पोलिसांनी थांबवलं, चादर वर करून बघितली, एकजण म्हणाला होडी हाय काय, दुसरा म्हणाला विमानाचं काहीतरी दिसतंय. मी म्हणलं साहेब, पोहायचा डबा आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बोर्डकडं बघितलं आणि सोडलं.

पेठेत आल्यावर अजून चर्चा. कट्ट्यावरची मंडळी म्हणायला लागली एवढा मोठा म्हणजे शिकाऊच की. आता माझ्याकडं उत्तर तयार होतं. हवाईत जिथनं हा खेळ आला तिथं सगळ्यात लांब बोर्ड, त्याला ओलो म्हणायचे, तो सरदार-राजघराण्यातल्या माणसांचा मान होता, बाकीच्यांनी आखूड वापरायचे. ड्यूक कहानामोकू, ज्यानं हा खेळ जगभर नेला, ऑलिंपिकमधला पोहण्याचा सुवर्णपदकवाला, तो १९३० च्या सुमाराला १६ फुटी, ५० किलोच्या वर वजनाची लाकडी फळी चालवायचा. मी म्हणलं माझी तर साडेनऊ फूट आणि नऊ किलो आहे, मीच कमी पडतोय. कट्टा गप्प. तसंही तालमीत वजन कधी लाजायची गोष्ट नव्हती, खुराक मोजून खायचो आणि वाढलेला किलो मिरवायचो, मग समुद्रावर गेल्यावरच मला कसली लाज वाटली होती कोण जाणे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेलो, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर आमच्यासारख्यांचं काम नाही, पावसाळ्यातला समुद्र दादागिरी करतो. सकाळी सहाला पाण्यात. झोपलो आणि पहिल्यांदा असं झालं की छाती कोरडी राहिली. हात मारला, बोर्ड सरकला, दुसरा मारायच्या आधी अजून सरकतोय. ४६ लिटरवर दहा हात मारून जेवढं जायचो तेवढं तीन हातात. लाट मागनं आली, तो पोरगा लांब होता, ढकलायला कोणी नाही, मी पाच-सहा हात मारले आणि शेपूट उचललं गेलं, ते कळतं, पाळणा मागनं ढकलल्यासारखं.

आता उठायचं. तरुण पोरं एका झटक्यात टुणकन उठतात, माझा गुडघा टुणकन शब्दालाच घाबरतो. मी दोन टप्प्यात उठतो, आधी उजवा गुडघा टेकवायचा, मग डावं पाऊल पुढं, मग उजवं. हे चुकीचं आहे असं सगळीकडं सांगतात, सवय लागते म्हणे. लागू दे. ५३ व्या वर्षी लागलेली सवय किती वर्षं टिकणार आहे? तेवढा वेळ बोर्डनं स्थिर राहायला पाहिजे, आणि तिथं रुंदी कामाला येते. एकदा पाण्यावर घसरायला लागलं की लिटरचं महत्त्व कमी होतं, तळाखालचं पाणीच वर ढकलतं, मग तळ जेवढा रुंद तेवढा आपल्यासारख्याला निवांतपणा. पहिल्या लाटेवर गुडघ्यावरच राहिलो. दुसरीवर पडलो. चौथीवर उभा राहिलो आणि काठावर वाळू लागेपर्यंत उभाच. पोरीनं व्हिडिओ काढलाय, त्यात मी वाकलेला आहे, पोट दिसतंय, आणि तोंड असं आहे की लॉटरी लागलीय.

सगळं छान झालं असं नाही. दीड तासानंतर खांदे गेलेच, लिटर खांदे विकत देत नाहीत. वळवायला अजून जमत नाही, मागं सरकून शेपटीवर वजन द्यायला लागतं आणि मागं सरकताना मी पडतो. दुपारी बोर्ड उन्हात ठेवून जेवायला गेलो तर त्या पोरानं धावत येऊन सावलीत नेला. उन्हात आतली हवा फुगते आणि वरचा थर सुटतो, मी थर्माकोलचं काम करणारा माणूस, मला हे कोणी सांगायला नको होतं. दुकानात पण पत्र्याच्या माळ्यावर ठेवला होता, तो आता खाली भिंतीला आडवा लावलाय, चंदेरी कापडाच्या पिशवीत.

आणि तो ४६ लिटरचा. विकायला काढला होता, कोणी विचारेना. मे महिन्यात परत गेलो तेव्हा पोरगी म्हणाली मी घेऊ का आज तो? तिचं वजन ५८. मी मनात भागाकार केला, ०.७९. ज्यानं मला राजाराम बंधाऱ्यावर पाण्याखाली नेलं होतं तो तिच्याखाली असा सपाट, निवांत तरंगत होता जणू दुसराच कुठला बोर्ड. तिनं पहिल्या तासात चार लाटा घेतल्या, त्यातल्या दोन मी ज्याच्यावर डोळा ठेवून होतो त्या.

बाहेर आल्यावर म्हणाली पप्पा, हा माझा. मी म्हणलं २४ हजार दे. ती म्हणाली मम्मीला विचारूया का? मी गप बोर्ड टपावर बांधायला घेतले, आता दोन, आणि आंबोलीच्या घाटात वारा होता म्हणून दोनदा उतरून पट्टे आवळले.